फायबरवरचा लँडलाइन फोन वारंवार बंद पडतो: मोडेम रीस्टार्ट करण्यापूर्वी काय पाहावे

तांब्याच्या तारेवरचा जुना फोन काढून त्याच क्रमांकाचा फोन फायबरच्या मोडेमला जोडून घेतलेल्या घरांतून एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत ऐकू येते. फोन काही दिवस सुरळीत चालतो आणि मग केव्हातरी मुका होतो. इंटरनेट चालू असते, टीव्ही चालू असतो, मोबाइलवर वाय-फाय मिळत असते, पण टेबलावरचा फोन उचलावा तर डायल टोन नसतो, किंवा टोन असूनही बाहेरचे फोन येत नसतात. ग्राहक सेवा केंद्राला कळवले की मोडेम बंद करून पुन्हा चालू करा, असा पहिला सल्ला मिळतो. तसे केले की फोन सुरू होतो, तक्रार निकाली निघाल्याचा संदेश मोबाइलवर येतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

रीस्टार्ट करू नये असे माझे म्हणणे नाही. मात्र रीस्टार्ट केल्याबरोबर दोषाचा सगळा पुरावा पुसला जातो, आणि म्हणूनच ही तक्रार वर्षानुवर्षे तशीच राहते. फोन बंद अवस्थेत असताना पाच मिनिटे खर्च करून तीन गोष्टी पाहून ठेवल्या, तर दोष विजेत आहे, फायबरमध्ये आहे, कंपनीकडच्या नोंदणीत आहे, घरातल्या तारांत आहे की फोनच्या यंत्रातच आहे, हे बहुतेक वेळा घरबसल्या ठरवता येते.

त्या आधी एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. तांब्याच्या जोडीवर एक्स्चेंजमधून सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश प्रवाह घरापर्यंत येत असे, आणि घंटा वाजवण्यासाठी त्याच तारेवर ७५ व्होल्टच्या आसपासचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला जाई. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग आणि डिझेल जनरेटर असल्यामुळे गावातली वीज गेली तरी फोन चालू राही, आणि घरातल्या फोनला स्वतःचा प्लग नसे. फायबर ही काच आहे, तिच्यातून वीज येत नाही. तेव्हा आता तुम्हाला ऐकू येणारा डायल टोन तुमच्याच घरातल्या डब्यात, म्हणजे फायबरच्या मोडेममध्ये, तयार होतो, घंटेचा प्रवाहही तोच डबा देतो, आणि तुमचा आवाज अंकांत बदलून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवण्याचे कामही त्याच्याकडेच आहे. पूर्वी एक्स्चेंज करत असलेले काम आता बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या एका लहानशा संगणकावर येऊन पडले आहे. त्याचे कोणते अंग निकामी झाले ते शोधणे, एवढाच प्रश्न उरतो.

बंद अवस्थेत करायच्या तीन तपासण्या

पहिली तपासणी दिव्यांची. मोडेमवर पॉवर, पॉन (फायबरची जोडणी), एलओएस (प्रकाश न मिळाल्याची खूण) आणि फोन किंवा टेल असे दिवे असतात. मोबाइलने त्यांचा फोटो काढून ठेवावा, कारण नंतर कोणता दिवा लुकलुकत होता हे कुणालाच आठवत नाही, आणि लुकलुकणे व स्थिर असणे यांत येथे मोठा फरक असतो. एलओएसचा दिवा लाल असेल तर प्रकाशच येत नाही, आणि अशा वेळी इंटरनेटही बंद असते. तो फायबरचा दोष होय. पॉन स्थिर हिरवा आहे, इंटरनेट चालू आहे आणि फक्त फोनचा दिवा विझलेला आहे, असे असेल तर कंपनीच्या सर्व्हरकडे तुमच्या क्रमांकाची नोंदणी सुटली असण्याचा संभव सर्वांत जास्त.

दुसरी तपासणी लाइनमन मंडळी पूर्वीपासून करत आली आहेत. रिसीव्हर उचलावा आणि बोलण्याच्या जाळीवर हलकेच फुंकर मारावी. आपल्याच फुंकरीचा आवाज कानात आला, तर फोनपर्यंत विद्युतप्रवाह पोहोचत आहे, म्हणजे डबा, तार आणि यंत्र या तिन्ही गोष्टी निदान जिवंत आहेत आणि दोष त्यापलीकडे आहे. फुंकरही ऐकू आली नाही, कान पूर्ण बधिर वाटला, तर दोष डब्याच्या फोन पोर्टपासून रिसीव्हरपर्यंतच्या काही हातांच्या अंतरात आहे आणि त्यासाठी कंपनीला दूषण देण्यात अर्थ नाही. कॉर्डलेस फोनवर ही तपासणी फसवी ठरते, कारण त्याचा तळ स्वतःच्या अडॅप्टरवर चालतो. म्हणून दोनतीनशे रुपयांचा एक साधा तारेचा फोन अशा घरात तपासणीपुरता तरी असावा.

तिसरी तपासणी म्हणजे मोबाइलवरून त्या लँडलाइनला फोन लावून पलीकडे काय ऐकू येते ते नीट ऐकणे. ‘संपर्क होऊ शकत नाही’ अशा अर्थाची सूचना आली, तर नोंदणी सुटलेली आहे. घंटा गेल्याचा आवाज मोबाइलवर येतो पण घरात फोन वाजत नाही, असे झाले तर बहुधा कॉल डब्यापर्यंत पोहोचला आहे आणि अडचण डबा व यंत्र यांच्यामध्ये आहे. तथापि तोच क्रमांक एखाद्या ॲपवर किंवा दुसऱ्या मोबाइलवर जोडलेला असेल, अथवा कॉल फॉरवर्ड केलेला असेल, तर घंटा तिकडे वाजत असू शकते, हे आधी तपासून घ्यावे. आणि कुणी बोलत नसताना सतत व्यस्त असल्याचा टोन मिळाला, तर घरातला एखादा रिसीव्हर नीट ठेवलेला नाही किंवा तारांत कुठेतरी शॉर्ट झाला आहे, असे समजावे.

हे टिपून झाले की खुशाल रीस्टार्ट करावे. केल्यावरही घड्याळ पाहावे: इंटरनेट किती मिनिटांत आले आणि फोनचा दिवा किती मिनिटांनी लागला. वीज आल्यावर इंटरनेट लगेच सुरू झाले तरी फोनची नोंदणी व्हायला आणखी काही मिनिटे लागणे नेहमीचे आहे, कारण पहिला प्रयत्न फसला तर डबा पुढचा प्रयत्न थोडे थांबून करतो. दहा मिनिटे धीर न धरता पुन्हा पुन्हा स्विच दाबणारे लोक ती प्रतीक्षा दर वेळी नव्याने सुरू करतात.

वीज: सर्वांत जास्त तक्रारींचे मूळ

माझ्या पाहण्यात आलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ शेवटी विजेत निघाले, आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत इन्व्हर्टर असूनही निघाले. नाशिकमधल्या एका घरी रोज संध्याकाळी फोन पाच-सात मिनिटे बंद पडे. घरात वयस्कर जोडपे, इन्व्हर्टर चांगल्या कंपनीचा, वीज गेल्याचे त्यांना जाणवतही नसे, कारण दिवे क्षणभर थरथरून पुन्हा स्थिर होत. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला यूपीएस आणि नॉर्मल अशा दोन स्थितींचा एक छोटा सरकवायचा खटका असतो. तो नॉर्मलवर होता. या स्थितीत मुख्य विजेवरून बॅटरीवर जाताना थोडा अधिक वेळ लागतो. पंख्याला आणि दिव्याला तो कळत नाही, पण मोडेम तेवढ्यात बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि मग त्याची नोंदणी नव्याने होईपर्यंत फोन मुका राहतो. खटका यूपीएसवर सरकवला आणि तक्रार थांबली. ज्या भागात व्होल्टेज फार खाली येते तेथे मात्र यूपीएस स्थितीत इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जातो आणि बॅटरी लवकर झिजते. तेथे खटका न हलवता मोडेमला वेगळा छोटा यूपीएस देणे अधिक श्रेयस्कर.

इन्व्हर्टर नसलेल्या घरी हा बारा व्होल्टचा मिनी यूपीएस हाच खरा उपाय आहे. घेताना मोडेमच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत, पिनेचा आकार जुळतो का ते पाहावे, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या मिलिअँपिअर-तासांवर भुलू नये. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला धरून छापलेला असतो. ८,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे सुमारे ३० वॉट-तास; व्होल्टेज वाढवताना होणारी तूट वजा जाता हाती २४-२५ उरतात. आठ वॉट खाणारा मोडेम त्यावर तीन तास चालेल, सहा तास नव्हे. शिवाय ज्यांच्याकडे फायबरचा डबा वेगळा आणि वाय-फायचा राउटर वेगळा आहे, त्यांनी यूपीएस कशाला जोडला आहे ते पाहावे. फोन फायबरच्या डब्यात खोचलेला आणि यूपीएस राउटरला, अशी जोडणी आढळली आहे. वीज गेल्यावर राउटर दिमाखात चालू आणि त्याला काही पुरवणारा डबा बंद!

अडॅप्टरचेही आयुष्य असते. त्यातला धारित्र (कपॅसिटर) सुकत गेला की साधे चढउतारही त्याला सोसत नाहीत, आणि मोडेम दिवसातून केव्हाही आपोआप रीस्टार्ट होऊ लागतो. अडॅप्टर हाताला असह्य गरम लागत असेल किंवा त्यातून बारीक चिरका आवाज येत असेल, तर इतर काही शोधण्यापूर्वी तो बदलावा.

वीज गेल्यावर तुमचा मोडेम यूपीएसवर चालू आहे, तरीही फोन आणि इंटरनेट दोन्ही बंद होतात, ही वेगळी तक्रार आहे. मोठ्या कंपन्यांच्या फायबर जाळ्यात रस्त्यावरचा स्प्लिटर, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग, विजेशिवाय चालतो. त्यामुळे तुमच्या गल्लीतली वीज गेल्याने प्रकाश थांबण्याचे कारण नाही. पण काही इमारतींत स्थानिक केबलवाल्याने जिन्याखाली किंवा लिफ्टच्या खोलीत विजेवरचा स्विच बसवलेला असतो आणि तेथून प्रत्येक घरात साधी लॅन केबल नेलेली असते. सोसायटीच्या सामायिक मीटरची वीज गेली की सगळी इमारत एकदम मुकी होते. याचा इलाज तुमच्या घरात नाही. त्या स्विचला बॅटरी देण्याची मागणी सोसायटीने मिळून करावी लागते.

नोंदणी सुटणे आणि अर्धवट चालणारे फोन

कंपनीच्या डब्यातच फोन खोचलेला असेल, तर आवाजासाठी आतल्या आत एक स्वतंत्र वाट राखलेली असते आणि तिची सगळी मांडणी कंपनी दुरून करते. म्हणूनच बाजारातून स्वतःचा फायबर डबा आणून लावणाऱ्यांचे इंटरनेट चालते आणि फोन चालत नाही, कारण क्रमांकाचे नाव आणि संकेतशब्द जुन्याच डब्यात राहिलेले असतात. ते ग्राहकाला दिले जात नाहीत. फोन हवा असेल तर कंपनीचा डबा ठेवून, हवा तर त्याच्यामागे आपला राउटर जोडावा.

खरी गुंतागुंत होते ती राउटरच्या मागे लावलेल्या व्हीओआयपी अडॅप्टरची, म्हणजे साधा फोन इंटरनेटवरून चालवणाऱ्या छोट्या यंत्राची, किंवा मोबाइलवर चालणाऱ्या लँडलाइन ॲपची. भारतात दूरसंचार विभागाने २०१८ च्या जूनमध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून क्रमांकासह दूरध्वनी देण्याची वाट मोकळी केली, बीएसएनएलने त्याच वर्षी ‘विंग्ज’ ही ॲपवरची सेवा जाहीर केली, आणि तेव्हापासून छोट्या कचेऱ्या, दवाखाने, पतसंस्था यांच्याकडे अशी जोडणी सर्रास दिसते. येथे एक लक्षण इतके बोलके आहे की ते ओळखता आले तर अर्धे काम झाले: आपण केलेला फोन लागतो, पण आलेला फोन येत नाही, आणि आपण एखादा फोन करून ठेवला की त्यानंतर थोडा वेळ बाहेरचेही फोन येऊ लागतात.

याचे कारण राउटरच्या स्मरणात असते. आतून कुणी बाहेर काही पाठवले की राउटर त्याची नोंद ठेवतो आणि त्याच नोंदीच्या आधारे बाहेरून आलेले उत्तर आत सोडतो. काही काळ कुणी काही बोलले नाही की तो ती नोंद खोडून टाकतो. ही मुदत किमान दोन मिनिटांची असावी अशी तांत्रिक शिफारस असली, तरी बरेच घरगुती राउटर अर्ध्या मिनिटातच नोंद खोडतात. नोंद गेली की बाहेरून येणारा कॉल दारातच अडतो. अडॅप्टरला मात्र आपण अजून नोंदलेलेच आहोत असे वाटत राहते आणि त्याचा दिवा हिरवाच असतो. यावर उपाय म्हणजे अडॅप्टरच्या मांडणीत कीप-अलाइव्ह, म्हणजे नोंद जिवंत ठेवण्यासाठी ठरावीक वेळाने छोटा संदेश पाठवण्याची सोय, चालू करून त्याचे अंतर वीस ते तीस सेकंद ठेवणे. त्याने भागले नाही तर नोंदणीची मुदत तासावरून दोन-तीन मिनिटांवर आणावी.

इंटरनेटवरचे फोन जोडणाऱ्या संवादाच्या नियमांना एसआयपी म्हणतात, आणि त्यांच्यासाठी राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची एक सोय असते. मदत म्हणून घातलेली ही सोय पुष्कळ राउटरांत उलट नुकसानच करते, कारण ती जाता जाता संदेशातले पत्ते बदलते आणि ते अनेकदा चुकीचे बदलते. ती बंद करावी, आणि बंद केल्यावर राउटर व अडॅप्टर दोन्ही एकदा रीस्टार्ट करावेत, नाहीतर जुन्या नोंदी तशाच राहतात. एका राउटरमागे दुसरा राउटर लावलेला असेल, तर मागच्याला केवळ ॲक्सेस पॉइंट, म्हणजे पत्ते न बदलता नुसते वाय-फाय देणारा, करून टाकावे. दोन ठिकाणी पत्ते बदलले जाणे हे एकतर्फी आवाजाचे, म्हणजे ‘माझे त्यांना ऐकू जाते, त्यांचे मला येत नाही’ या तक्रारीचे, नेहमीचे कारण आहे.

कॉल मध्येच तुटत असेल तर किती वेळाने तुटतो ते घड्याळ लावून मोजावे. तेवढ्या एका आकड्यात पुष्कळ सांगून जाण्याची ताकद आहे. दर वेळी बरोबर बत्तिसाव्या सेकंदाला तुटणारा कॉल सांगतो की फोन उचलल्याची पोच पलीकडे पोहोचली नाही. एसआयपीच्या नियमात अर्ध्या सेकंदाची चौसष्ट पट, म्हणजे ३२ सेकंद, एवढीच वाट पाहिली जाते. येथे पुन्हा एसआयपी एएलजी किंवा दुहेरी राउटर हेच पहिले संशयित. बरोबर पंधराव्या मिनिटाला तुटणारा कॉल निराळी गोष्ट सांगतो: चालू संभाषणाची मुदत साधारणपणे १,८०० सेकंदांची ठेवलेली असते, तिचे नूतनीकरण अर्ध्या वाटेवर, म्हणजे ९०० सेकंदांनी, व्हायचे असते, आणि ते अयशस्वी होत आहे. हा आकडा सेवा देणाऱ्याच्या तंत्रज्ञाला सांगितला तर त्याचे काम सोपे होते. आणि कॉल वाटेल तेव्हा, कधी चार मिनिटांनी तर कधी वीस मिनिटांनी तुटत असेल, तर नियमांचा नाद सोडून वीज, वाय-फाय आणि सैल जोडण्या तपासाव्यात.

आवाज तुटक येणे किंवा शब्द गिळले जाणे याचा वेगाच्या जाहिरातीशी फारसा संबंध नसतो. एका संभाषणाला एका दिशेने सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा पुरेसे होतात. राउटरमागच्या अडॅप्टरवर आवाज तुटतो तो बहुधा घरातल्या कुणाच्या मोबाइलने लग्नाचे सगळे व्हिडिओ त्याच वेळी क्लाउडवर चढवायला घेतल्यामुळे. राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य देण्याची सोय असेल तर अडॅप्टरला ते द्यावे. कंपनीच्या डब्यात खोचलेल्या फोनवर मात्र आवाज तुटत असेल, तर तो फायबरमधल्या क्षीण प्रकाशाचा इशारा समजून तक्रार करावी.

घरातल्या जुन्या तारा आणि जुनी यंत्रे

तांब्याच्या काळात बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि माडीवर पॅरलल फोन नेलेले असत. त्याच तारांना डब्यातून वायर जोडून सगळे फोन चालू ठेवता येतात, पण त्यासाठी बाहेरून खांबावरून आलेली जुनी जोडी भिंतीवरच्या रोझेटमधून, म्हणजे तारा जोडण्याच्या छोट्या डबीतून, आधी सोडवली पाहिजे. ती तशीच राहिली तर डब्याचे पोर्ट घरातल्या तारांबरोबर गावभरच्या केबललाही जोडले जाते, आणि वीज कडाडली तर तिचा तडाखा त्याच वाटेने डब्यापर्यंत येऊ शकतो. कोकणात आणि गोव्यात आणखी एक अडचण येते. पावसाळ्यात रोझेटच्या स्क्रूंवर हिरवा कळंक चढतो, ओल दोन्ही तारांत पूल बांधते, आणि डब्याला वाटते की रिसीव्हर उचललेलाच आहे. मग दिवसभर फोन व्यस्त लागतो आणि दुपारी ऊन पडल्यावर आपोआप बरा होतो. हवामानाप्रमाणे बिघडणारा आणि सुधारणारा फोन दिसला की भिंतीतली तार पूर्ण सोडवून एकच फोन थेट डब्यात खोचावा. दोन-तीन दिवस तो नीट चालला तर दोष भिंतीत आहे हे सिद्ध झाले.

एक्स्चेंज जितक्या घंटा वाजवू शकत असे तितक्या डबा वाजवू शकत नाही. तीन-चार फोन जोडल्यावर घंटा किणकिणत, क्षीण वाजत असेल तर एक-दोन कमी करून पाहावे.

तबकडीचा फोन नव्या डब्यावर वाजतो, त्यावर बोलताही येते, पण त्यावरून क्रमांक फिरवता येईलच असे नाही, कारण अनेक डब्यांना तबकडीचे ठोके कळत नाहीत. बटणांच्या फोनच्या पोटाशी टी आणि पी अशी अक्षरे असलेला खटका असतो. तो टी या बाजूलाच हवा. गॅस नोंदवताना ‘एक दाबा’ म्हटल्यावर एक दाबूनही पलीकडचा आवाज तेच वाक्य पुन्हा म्हणत राहतो, ही तक्रार कित्येकदा एवढ्या खटक्याने सुटते. नाही सुटली, तर बटणांचे सूर डब्यातून कोणत्या पद्धतीने पाठवले जातात ती मांडणी कंपनीला बदलावी लागते. ‘आयव्हीआरवर (‘एक दाबा’ सांगणाऱ्या यांत्रिक आवाजावर) बटणे स्वीकारली जात नाहीत’ अशा स्पष्ट शब्दांत तक्रार द्यावी.

लँडलाइनला फोन लागतात, मोबाइलला लागत नाहीत, असे असेल तर दोष शोधत बसू नये. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते, आणि आजी-आजोबांच्या फोनच्या मेमरीत मुलांचे क्रमांक शून्याविना साठवलेले असतात.

सिम कार्डावरचे टेबल फोन आणि वाय-फाय कॉलिंग

जेथे फायबर पोहोचलेले नाही तेथे सिम घालून चालणारा टेबल फोन हा जुन्या लँडलाइनला सोयीचा पर्याय आहे. टाटा इंडिकॉमचा वॉकी ज्यांनी दुकानात वापरला असेल त्यांना ही कल्पना नवी नाही. फक्त तो सीडीएमए जाळ्यावर चालत असे आणि ते जाळे आता उरलेले नाही. आज असा फोन घेताना तो ४जी व्होल्टीचा, म्हणजे ४जी जाळ्यावरूनच बोलता येणारा, आहे ना, हे विचारून घ्यावे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे पुष्कळ टेबल फोन केवळ २जीचे असतात. जिओचे जाळे पहिल्यापासून ४जीचे असल्यामुळे त्याचे सिम अशा फोनमध्ये कधीच चालणार नाही, आणि विकत घेणारा मात्र सिम बदलून बदलून दमतो. फोन खिडकीपाशी ठेवावा, फ्रिजवर किंवा लोखंडी कपाटाजवळ नाही. आतली बॅटरी वर्ष-दीड वर्षात फुगली किंवा उतरली, तर वीज जाताच फोन बंद होऊ लागतो. ती बदलून मिळते.

मोबाइलचे वाय-फाय कॉलिंग, म्हणजे मोबाइलचा नेहमीचा कॉल घरच्या वाय-फायवरून करण्याची सोय, भारतात २०१९ च्या डिसेंबरपासून आणि २०२० च्या जानेवारीपासून अनुक्रमे एअरटेल व जिओ यांनी आणले. सिमेंटच्या जाड भिंतींच्या तळमजल्यावर ते वरदान ठरते, पण बोलता बोलता गॅलरीत गेले की कॉल तुटतो, अशी तक्रार असते. वाय-फाय अगदी क्षीण होईपर्यंत फोन त्यालाच चिकटून राहतो आणि मोबाइलचे जाळे तेथे पुरेसे नसेल तर हस्तांतर फसते; दूरच्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणे हा त्यावरचा उपाय. वाय-फाय कॉलिंगचे चिन्हच दिसत नसेल तर राउटरचे फायरवॉल तपासावे, कारण ही सेवा यूडीपी या इंटरनेट-पद्धतीच्या ५०० आणि ४५०० या पोर्टांवरून सुरक्षित बोगदा उघडते, आणि कचेऱ्यांतले कडक फायरवॉल ते बंद ठेवतात.

घरी एक तरी फोन चालू असायलाच हवा अशी आणीबाणीची वेळ कधीही येऊ शकते. म्हणून आजारी किंवा वयस्कर माणसे असलेल्या घरी फायबरवरच्या फोनवर एकट्यावर विसंबू नये. एक साधा बटणांचा मोबाइल चार्ज करून, ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावायला शिकवून, त्याच टेबलावर ठेवावा.

तक्रार कशी द्यावी आणि तंत्रज्ञ आल्यावर काय मागावे

‘फोन बंद आहे’ एवढेच सांगितले तर रीस्टार्टचा सल्ला मिळणार हे ठरलेले आहे. त्याऐवजी असे सांगावे: इंटरनेट चालू असताना फोनची नोंदणी सुटते, त्या वेळी फोनचा दिवा विझलेला असतो, मोबाइलवरून लावल्यास अमुक सूचना ऐकू येते, फुंकर ऐकू येते, आणि गेल्या महिन्यात हे या या तारखांना घडले आहे. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय संभाषण संपवू नये. तीच तक्रार पुन्हा निकाली काढली गेली, तर ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक कंपनीत एक अपील प्राधिकरण असते. त्याच्याकडे ३० दिवसांच्या आत विनामूल्य अपील करता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहिण्यात वेळ घालवू नये.

तंत्रज्ञ घरी आला की त्याला आधी रीस्टार्ट करू देऊ नये. डब्याच्या मांडणीच्या पानावर नोंदणीची स्थिती आणि शेवटची त्रुटी दिसते, तिचा फोटो घ्यावा. मग त्याच्या मीटरवर प्रकाशाची पातळी किती येते ते विचारावे: उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजण्याच्या एककाच्या) दरम्यान असेल तर चिंता नाही, उणे २७ च्या आसपास असेल तर डबा कसाबसा तग धरून आहे आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात केव्हाही हात टेकेल. अशा वेळी भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडलेली किंवा खिळ्याखाली चेपलेली फायबरची पिवळी वायर आधी पाहायला सांगावी, मग हिरव्या टोकाची पॅच कॉर्ड पुसून किंवा बदलून पुन्हा पातळी मोजायला सांगावी, आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही आकडे तक्रारीच्या कागदावर लिहून घ्यावेत.